खांद्याची रेघ

मोजायचा टेप हा स्वतःवर भरवसा नसलेल्या माणसांसाठी असतो, असं ओळंबामावशींचं ठाम मत होतं, आणि त्यांची मतं सगळी ठामच असायची. त्या रंगारीण होत्या. नुसत्या पोटासाठी ब्रश धरणाऱ्या नव्हे, हाडाच्या रंगारीण. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, जिने, जिथे जिथे भिंतीचा खालचा भाग मळखाऊ ऑइल पेंटने रंगवायचा आणि वरचा पांढरा ठेवायचा, तिथे लोक आधी मावशींना विचारायचे आणि मग दुसऱ्या कोणाला. कारण रंग काय, कोणीही फासेल. खालचा रंग संपतो आणि वरचा सुरू होतो ती रेघ मात्र मावशींसारखी कोणाला जमत नसे.

त्यांची पद्धत अशी. चप्पल काढायची, टाचा भिंतीला टेकवायच्या, पाठ लावायची, मान सरळ. मग कानामागची पेन्सिल काढून खांद्यावर आडवी धरायची आणि भिंतीवर टिंब द्यायचं. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच दुसरं टिंब. मग निळीत घोळवलेली दोरी दोन टिंबांमध्ये ताणायची, मधोमध चिमटीत धरायची आणि सोडायची. टण्ण! भिंतीवर निळी रेघ उमटलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघणाऱ्यांना अप्रूप वाटे. मावशी म्हणत, "त्यात काय एवढं? खांदा आहे माझा. तो काय रोज बदलतो?"

'ओळंबा' हे नाव त्यांना एका गवंड्याने दिलं होतं. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, तो ओळंबा. मावशी उभ्या राहत तशा, चालत तशा आणि बोलतही तशाच, एकदम सरळ, कोणाच्या डोक्यावर पडेल याची पर्वा न करता. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. 'मोडेन पण वाकणार नाही' ही म्हण आपल्यावरूनच पडली असावी, असाही त्यांचा समज होता. नवरा लवकर गेला, मुलगा ट्रक घेऊन कायम परगावी; घरात आणि कामावर मावशी आणि त्यांची सून. सून बुटकी, गप्प, आणि कामाला वाघ. पण तिच्याकडे कायम खालचं काम: घासकाम, भेगांमध्ये लांबी भरणं, खालच्या पट्ट्याचा रंग. शिडी मावशींची. शिडीला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

तर त्या वर्षी शाळेच्या व्हरांड्याचं काम आलं. लांबच लांब व्हरांडा, आणि त्यातला अर्धा मावशींनीच पूर्वी कधीतरी रंगवलेला होता. उरलेल्या अर्ध्यात तेव्हा नवे वर्ग बांधायचे होते म्हणून तो राहिला होता. आता वर्ग झाले, गिलावा वाळला, आणि मुख्याध्यापिका बाईंनी निरोप धाडला की जुन्याला नवं असं जोडा की जोड दिसता कामा नये. मावशी निरोप आणणाऱ्या शिपायाला म्हणाल्या, "त्यांना सांग, जोड कुठे आहे ते मलाच शोधावं लागेल."

काम झोकात झालं. मावशी लांबच्या टोकाकडून निघाल्या, खांद्याने टिंबं दिली, दोरी मारली, सुनेने खाली गडद निळा भरला. जुना भाग संपतो तिथे खेळाच्या सामानाचं एक भलंमोठं लोखंडी कपाट भिंतीला टेकून उभं होतं. ते हलवायला चार माणसं लागायची, म्हणून शेवटच्या दिवसापर्यंत ते तसंच राहिलं. शेवटच्या दिवशी शिपायांनी ते ओढलं. मागची रिकामी जागा सुनेने रंगवायला घेतली आणि ब्रश हवेतच धरून ती थांबली.

"आई," ती म्हणाली, "जरा इकडे येता का?"

डावीकडून जुना पट्टा येत होता. उजवीकडून नवा पट्टा येत होता. आणि दोघांची गाठ पडत नव्हती. नवा पट्टा चांगला दोन बोटं खाली होता. भिंतीवर सरळ सरळ एक पायरी दिसत होती.

मावशींनी ती पायरी एका डोळ्याने पाहिली, दुसऱ्या डोळ्याने पाहिली, मागे जाऊन पाहिली. चूक आपली असण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. मग त्यांनी निकाल दिला.

"जमीन खचलीय."

"काय?"

"नव्या वर्गांखालची जमीन खचलीय. भराव नीट ठोकला नसणार. मी उभी राहिले तिथे जमीनच दोन बोटं खाली, मग माझा खांदा खाली येणार नाही तर काय? बाईंना सांग, इमारत बसतेय."

सून काहीतरी बोलणार होती, पण मुख्याध्यापिका बाई मागेच उभ्या होत्या आणि 'इमारत बसतेय' एवढंच त्यांनी ऐकलं. बाई कडक शिस्तीच्या. पुढच्या काही मिनिटांत नव्या वर्गांतली सगळी पोरं रांगेने मैदानात होती. पोरांना काय, तास बुडाला म्हणून आनंदीआनंद. शिक्षक भिंतींकडे संशयाने बघत होते, एकाने तर खिडकीतला एक जुना ओरखडा भेग म्हणून दाखवला. मग ज्याने वर्ग बांधले त्या गवंड्याला बोलावणं गेलं. आणि तो नेमका मावशींना ओळंबा नाव देणारा गवंडी.

गवंडी आला तोच तापलेला. माझी जमीन खचली म्हणणारा कोण ते मला आधी दाखवा, म्हणाला. त्याने सोबत पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी आणली होती. नळीची दोन टोकं कितीही लांब धरा, दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं. गवंड्याच्या धंद्यात त्याच्याइतका खरा साक्षीदार नाही. एक टोक त्याने जुन्या भागात धरलं, दुसरं सुनेच्या हातात देऊन नव्या भागात पाठवलं. जमिनीपासून पाण्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. सारखं. पुन्हा दुसऱ्या जागी मोजलं. सारखं. केसाचाही फरक नाही.

"बाई, पोरांना आत घ्या," तो मुख्याध्यापिका बाईंना म्हणाला. मग मावशींकडे वळला. "नाचता येईना म्हणे अंगण वाकडं! ओळंबा, जमीन जागच्या जागी आहे."

"मग रेघ खाली कशी?"

गवंड्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा राग उतरला होता. तो हळूच म्हणाला, "तूच खाली आलीस गं."

जुन्या पट्ट्याला पाठ लावून एकदा उभी राहून बघ, असं तो म्हणाला, तर मावशींनी ते ऐकलं नाही. ब्रश रॉकेलमध्ये बुडवले, पुसले, पिशवीत भरले आणि काम अर्धं टाकून त्या घरी गेल्या. असं त्यांनी नवरा गेला त्या दिवशीसुद्धा केलं नव्हतं.

घरी सुनेने विषय काढला नाही. ती गप्प होती, पण आंधळी नव्हती. फळीवरचा वरचा डबा मावशी हल्ली स्टूल घेऊन काढत. त्यांच्या झग्याचा काठ जमिनीला घासून झिजला होता, आणि दर वेळी दोष धोब्याला. मागच्या वर्षी रंगाचा मोठा डबा उचलताना पाठीत अशी कळ आली होती की त्या भिंत धरून उभ्या राहिल्या होत्या. मग आठवडाभर मलम चोळून, 'वारा धरला' म्हणून प्रकरण मिटवलं होतं. सुनेने हे सगळं मनात एकाशेजारी एक मांडलं आणि सकाळी म्हणाली, "आई, मोठ्या दवाखान्यातला तुमचा हिरवा पट्टा कसा टिकलाय, बघून येऊ या का आज?"

"ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" मावशी म्हणाल्या. "दवाखान्यात न्यायचंय तर तसं सांग."

"दवाखान्यात न्यायचंय."

"मला काहीही झालेलं नाही," असं म्हणत मावशींनी चप्पल घातली.

सून केसपेपर काढायला रांगेत उभी राहिली आणि मावशी व्हरांड्यात बाकावर टेकल्या. समोर त्यांचाच हिरवा पट्टा. सुंदर टिकला होता. कुठे पोपडा नाही, रेघ अजून धारदार. आजूबाजूला लोक आपापल्या दुखण्यात. मावशी उठल्या. कोणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी चप्पल काढली, टाचा भिंतीला लावल्या, पाठ टेकवली, मान सरळ केली. मग उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून बोटांनी भिंत चाचपली. हिरवा रंग खांद्यापाशी संपायला हवा होता. तो संपत नव्हता. आणखी वर, एक बोट, दोन बोटं, तिथे ती बारीक कड हाताला लागली. त्यांनी स्वतःच्या हाताने ओढलेली.

मावशी घाबरल्या. ही गोष्ट त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितली नाही. चप्पल तशीच टाकून त्या बाकावर येऊन बसल्या. कारण त्यांना आई आठवली. आई त्यांच्याहून उंच आणि त्यांच्याहून ताठ होती. मग हळूहळू वाकत गेली, इतकी की बोलताना तिची नजर माणसाच्या तोंडाऐवजी पायांकडे असे. लोक म्हणाले, म्हातारपण. एक दिवस स्वयंपाकघरात, कोरड्या फरशीवर, नुसती वळताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर ती उठलीच नाही. तिचं सगळं अंथरुणावर करताना मावशींनी जे पाहिलं होतं ते आपल्या वाट्याला येऊ नये, एवढी एकच गोष्ट त्यांनी आयुष्यात मनापासून मागितली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी आधी उंची मोजली, मग विचारलं, "उंची कमी झाली असं कशावरून वाटलं?"

"भिंतीवरून," मावशी म्हणाल्या.

सुनेने सगळी हकिकत सांगितली: खांदा, दोरी, कपाट, मैदानातली पोरं, गवंड्याची नळी. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "माझ्याकडे येणाऱ्या बायकांना आपली पूर्वीची उंची धड आठवत नाही हो. अंदाजपंचे सांगतात. तुम्ही तर गावभर लिहून ठेवलीय. दोन बोटं म्हणजे थोडी नाही. एवढी उंची गेली की पाठीचे मणके बघावेच लागतात."

मग प्रश्न सुरू झाले. पाळी कधी गेली? लवकर. तंबाखू, दारू? छे. दम्याबिम्यासाठी कधी बरेच दिवस गोळ्या? नाही. आधी कधी हाड मोडलंय?

"मनगट. एकदाच. घरात, पायपुसण्यावरून घसरले," मावशी म्हणाल्या आणि घाईने पुढे जोडलं, "शिडीवरून नाही. शिडीवरून मी आजवर पडलेले नाही."

"आई किंवा वडील, कोणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं?"

मावशींनी खाली पाहिलं. उत्तर सुनेने दिलं.

"हे सगळं आम्ही एकत्र मांडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वय, वजन, मनगट, आई, सगळं. त्यावरून पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याचा धोका किती, याचा अंदाज येतो. पण आधी हाडं आतून कशी आहेत ते बघू."

हाडांची घनता मोजायचं यंत्र म्हणजे एक गादीचं टेबल होतं आणि त्यावर एक आडवा दांडा. ना बोगदा, ना सुई. तिथल्या मुलीने मावशींना उताणं झोपवलं, एक पाय आत वळवून तिकोनी ठोकळ्याला पट्ट्याने बांधला आणि म्हणाली, "आजी, हलायचं नाही हं."

"मी हलले असते तर या दवाखान्याच्या रेघा अशा आल्या असत्या का?" मावशी म्हणाल्या.

दांडा त्यांच्या अंगावरून सावकाश सरकत गेला, छताला रोलर मारावा तसा. आधी कमरेवरून, मग खुब्यावरून. मावशी छताकडे बघत होत्या. भीती वाटत असली तरी धंदा डोळ्यांतून जात नाही; खाली उतरल्यावर त्यांनी त्या मुलीला पहिली गोष्ट सांगितली ती ही की डाव्या कोपऱ्यात ओल धरलीय, पोपडे पडायच्या आत बघून घ्या.

निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. एक्स-रेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मणके चौकोनी हवेत. हे दोन बघा, पुढून दबलेत. म्हणजे मोडलेत."

"मोडलेत? आणि मला कळलं नाही?"

"डबा उचलताना कळ आली होती ना? तीच."

मग डॉक्टरीणबाईंनी घनतेचा आकडा सांगितला, तो बराच उणे होता, म्हणजे निरोगी तरुण हाडांपेक्षा बराच खाली. याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, हाडं आतून विरळ होतात, वरून काही दिसत नाही, दुखतही नाही, असं समजावू लागल्या. मावशींनी त्यांना मध्येच थांबवलं.

"समजलं. गिलावा वरून गुळगुळीत दिसतो, बोटाने ठोकला की पोकळ वाजतो. तसं."

"अगदी तसंच. आणि पोकळ गिलाव्याचं तुम्ही काय करता?"

"पडायची वाट बघत नाही."

"मग झालं तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकदा मणका मोडला की दुसरा मोडायची शक्यता वाढते, आणि खुब्याची पण. तुमचा धोका जास्त आहे, मी लपवत नाही. पण यावर औषध आहे. तुमची आई पडली तेव्हा तिला कोणी तपासलं नव्हतं. तुम्हाला पडायच्या आधी तपासलंय. हा फार मोठा फरक आहे."

"डॉक्टरीणबाई, मी मोडेन पण वाकणार नाही अशी बाई आहे."

"मोडलात तुम्ही आधीच. आता माझं ऐका. मोडायचंही नाही आणि वाकायचंही नाही. खालून काही उचलायचं तर गुडघ्यात बसून उचलायचं. जड डबे दुसऱ्याने उचलायचे. रोज चालायचं, पाठीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करायचे. घरातली पायपुसणी आजच्या आज काढायची." आणि मग, जरा थांबून, "आणि शिडी बंद."

मावशी उठल्या. "चल गं," त्या सुनेला म्हणाल्या. "यांना भिंती कळत नाहीत. शिडीशिवाय रंगारी म्हणजे काय?"

"आई, बसा."

इतक्या वर्षांत सुनेने सासूला हुकूम सोडला तो हा पहिला. मावशी इतक्या चकित झाल्या की खरोखरच बसल्या.

"तुम्ही पडलात तर मी तुमचं सगळं करेन," सून म्हणाली. "अंथरुणावर करेन, कुरकुर न करता करेन, त्याची मला भीती नाही. पण ते तुम्हाला सोसणार नाही, आई. मला माहीत आहे. दुसऱ्याच्या हाताने पाणी प्यायला लागलात तर तुम्ही दुखण्याने नाही, अपमानाने मराल. शिडी मी चढेन."

"तू? तुला स्टुलावर चक्कर येते."

"येते. तरी चढेन."

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. ही बुटकी आपल्या खांद्यालाही लागत नाही, असं त्या कायम म्हणत आल्या होत्या. मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, "गोळी कशी घ्यायची ते सांगा."

आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं किंवा उभं राहायचं.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या. "ते तर मी फुकटात करते."

दुसऱ्या दिवशी त्या सुनेला घेऊन शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. "बाई, इमारत धड आहे," त्या म्हणाल्या. "गवंड्याचं काम चोख आहे. खचले मी. माझे दोन मणके मोडलेत आणि मला पत्ता नव्हता. तुमच्या पोरांचा तास माझ्यामुळे बुडाला. पट्टा मी वर घेऊन देते."

शिपाई दारात होता, दोन शिक्षिका टेबलाशी होत्या, सगळ्यांनी ऐकलं. हे वाक्य मावशींना किती जड गेलं ते एका सुनेला माहीत होतं, आणि तिला त्या क्षणी आपल्या सासूचा जितका अभिमान वाटला तितका त्यांच्या कुठल्याच रेघेचा कधी वाटला नव्हता. बाई म्हणाल्या की राहू द्या, एवढं कोणाच्या लक्षात येत नाही.

"मला दिसेल," मावशी म्हणाल्या.

पट्टा वर घ्यायला शिडी लागत नव्हती. जुन्या रेघेवरून दोरी ताणून मावशींनी टिचकी मारली, सुनेने दोन बोटं निळा रंग वर चढवला, आणि व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध झाला. फक्त कपाटाच्या मागे तळहाताएवढी जागा मावशींनी रंगवू दिली नाही. तिथे खालची रेघ तशीच ठेवली.

"हे कशाला?" सुनेने विचारलं.

"ही मी आहे," मावशी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी इथेच उभी राहीन. याच्या खाली गेले तर बघ." आणि शिपायांनी कपाट परत भिंतीला लावलं.

ते वर्ष मावशींनी जसं काढलं तसं एखाद्या पहिलवानानेही काढलं नसतं. गोळीच्या दिवशी त्या खुर्चीत अशा बसत की शेजारपाजारचे लोक खिडकीतून बघून जात. ओट्याची कड धरून एका पायावर उभं राहायचा व्यायाम करताना सुनेला म्हणत, "हसू नकोस, करकोचा झालाय माझा." पायपुसणी गेली, न्हाणीघरात धरायला दांडा आला. गवंड्याने तो स्वतः बसवून दिला आणि जाताना म्हणाला, "ओळंबा, हा दांडा हलला तर माझं नाव बदल." आणि कामावर सून शिडी चढू लागली. पहिले काही दिवस तिचे पाय असे थरथरत की रंगाचे थेंब मावशींच्या डोक्यावर पडत. मावशी खाली शिडी धरून उभ्या राहत आणि तोंडाने तिला चढवत: "खाली बघू नकोस. कडेकडे बघ. श्वास घे आणि ब्रश ओढ. घाई कोणाला आहे?"

वर्ष सरलं आणि शाळेने सभागृहाचं काम दिलं. उंच छत, चारही बाजूंना नक्षीची कड. छताचा पांढरा आणि भिंतीचा पिवळा जिथे भेटतात ती रेघ हाताने काढायची होती, आणि ती सुनेने काढली. सगळी, एकटीने, शिडी सरकवत सरकवत. मावशी सभागृहाच्या मधोमध उभ्या राहून मान वर करून बघत होत्या. त्यांनी चारही कोपरे तपासले. सून खाली उतरली तेव्हा म्हणाल्या, "बरं आहे."

मावशींच्या कोशात याच्यापुढे शब्द नव्हता. सून तिथेच शिडीच्या पायरीवर बसली आणि तिला एकदम रडू आलं.

"रडायला काय झालं? चल, कपाट हलवायचंय."

कपाट हलवायचंय ही बातमी कशी कोण जाणे, सगळ्या शाळेला कळली. शिपाई आले, शिक्षिका आल्या, मधली सुट्टी नसतानाही स्वयंपाकाच्या बाई पळीसकट आल्या. गवंडी तर नळी घेऊनच आला होता. का, ते त्यालाच ठाऊक. मुख्याध्यापिका बाई हाताची घडी घालून थोड्या लांब उभ्या राहिल्या. कपाट बाजूला झालं. निळ्या पट्ट्यात ती तळहाताएवढी खाच होती, आणि तिच्या तळाशी मागच्या वर्षीची रेघ.

मावशींनी चप्पल काढली. टाचा लावल्या, पाठ लावली, मान सरळ केली. पेन्सिल काढली आणि सुनेच्या हातात दिली. "तू दे टिंब. मला भरवसा नाही माझा."

सुनेने पेन्सिल मावशींच्या खांद्यावर आडवी धरली. तिचा हात थरथरत नव्हता. आता शिडीवरही थरथरत नसे. तिने टिंब दिलं. मावशी बाजूला झाल्या, वळल्या, पण त्यांना बघवेना. "सांग लवकर."

"रेघेवरच आहे, आई," सून म्हणाली. "तेवढीच. केसभरही खाली नाही."

गवंडी पुढे वाकून बघून आला आणि म्हणाला, "जमीन पण तिथेच आहे हो, मी बघितलं." सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या तशाच उभ्या होत्या, ताठ, आणि डोळे भरून आले होते, आणि ते कोणापासून लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. उंची वाढली नव्हती. गेलेली दोन बोटं परत येणार नव्हती. पण त्या तिथेच होत्या, आपल्या पायांवर, जिथे होत्या तिथेच.

मग त्यांनी सुनेच्या हातातून पेन्सिल घेतली. "आता तू उभी राहा."

"मी कशाला?"

"माझ्या आईची उंची कोणी घेतली नाही. माझी भिंतीने चुकून घेतली. तुझी मी आत्ताच घेऊन ठेवते. टाचा लाव. मान सरळ." सून खाचेला पाठ लावून उभी राहिली. मावशींनी तिच्या बुटक्या खांद्याशी टिंब दिलं, बराच वेळ पेन्सिल दाबून, पुढच्या सगळ्या रंगांखालीही राहील असं. मग स्वयंपाकाच्या बाई पळी बाजूला ठेवून पुढे आल्या. मग एक शिक्षिका. मग दुसरी.

शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी हाताची घडी सोडली. इकडे तिकडे पाहिलं. पोरं वर्गात आहेत ना, याची खात्री करून घेतली. आणि मग, साऱ्या शाळेला शिक्षा म्हणून भिंतीशी उभं करणाऱ्या त्या बाईंनी मुकाट्याने चप्पल काढली.